रस्ता बंद आहे असं धरूनच सराव करा

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जणांचा जीव गेला. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीखाली ८० हून जास्त माणसं गाडली गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या, आणि त्याच वेळी महाड शहर पुराच्या पाण्यात होतं. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, त्यात ११ कामगार दगावले.

दोन शेजारी तालुके आणि वीस वर्षांच्या आतला काळ. तरीही इथल्या रुग्णालयांत इंटर्नशिपला येणारे एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएसचे विद्यार्थी आणि जीएनएम, एएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या मुली-मुलं यांपैकी बहुतेकांनी ‘सामूहिक अपघात’ हा विषय फक्त वहीत उतरवून घेतलेला असतो. एमबीबीएसच्या सामाजिक आरोग्यशास्त्रात आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र घटक आहे आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही तो आहे. परीक्षेत वर्गवारीचे चार रंग लिहिले की मार्क मिळतात. हातात चार रंगांच्या पट्ट्या आणि समोर वीस माणसं ओरडत असताना काय करायचं, ते उभं राहून केल्याशिवाय येत नाही.

हा लेख अशा विद्यार्थ्यांच्या शिक्षकांसाठी, तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि स्वतःहून काही करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मॉक ड्रिल, म्हणजे रंगीत तालीम, कशी रचावी हे सांगणारी पुस्तकं आहेत. पण ती बहुधा मोठ्या शहराचा विचार करून लिहिलेली असतात. दहा मिनिटांत अग्निशमन दल येतं, वीस मिनिटांत मोठं रुग्णालय, फोन लागतो, दिवे चालू असतात. आपल्याकडच्या घटनांचं चित्र वेगळं होतं आणि सराव त्या चित्रावरूनच रचायला हवा.

कोणती घटना निवडायची

वरच्या यादीकडे वैद्यकीय नजरेने पाहा. सावित्री पुलाच्या वेळी रुग्णालयात जखमींची रांग लागलीच नाही. बेपत्ता माणसं, खाडीत कित्येक किलोमीटर खाली सापडणारे मृतदेह आणि किनाऱ्यावर ताटकळणारे नातेवाईक, एवढंच होतं. आंबेनळीतही काम मुख्यतः दरीतून मृतदेह वर काढण्याचं आणि ओळख पटवण्याचं होतं, आणि त्यात महाबळेश्वरच्या ट्रेकर मंडळींनी दोराच्या साहाय्याने केलेली मदत मोठी होती. तारिक गार्डनमध्ये माणसं ढिगाऱ्याखाली तासन् तास अडकली. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला. तळियेत मदत पोहोचायलाच वेळ लागला. एमआयडीसीत प्रश्न भाजलेल्यांचा आणि रसायनांचा.

म्हणजे मैदानात पन्नास ‘जखमी’ झोपवायचे आणि विद्यार्थ्यांनी त्यांना उचलायचं, हा नेहमीचा सराव यांतल्या एकाही घटनेशी नीट जुळत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की एका वर्षी एकच घटना निवडा आणि तिचा जो सगळ्यात अवघड भाग होता, त्यावरच सराव करा. पहिल्या वर्षी घाटातला बस अपघात घ्या, कारण त्यात वर्गवारी शिकता येते. दुसऱ्या वर्षी दरड, तिसऱ्या वर्षी रसायन. सगळं एकाच दिवशी कोंबलं की फोटो छान येतात, हाताला काही लागत नाही.

कारखान्याच्या सरावासाठी एक वाट आयती आहे. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार मोठा धोका असलेल्या कारखान्यांना आवाराच्या आतल्या आपत्कालीन योजनेची तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते. आवाराबाहेरच्या योजनेची तालीम वर्षातून एकदा होणं अपेक्षित असतं. या तालमींत आरोग्य विद्यार्थ्यांना सामील करून घ्या, असं पत्र महाविद्यालयाने किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहायला काहीच हरकत नाही. तिथे विद्यार्थ्यांनी शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडून जायचं, जखमीचे कपडे आधी काढायचे, भरपूर पाण्याने धुवायचं आणि मगच कॅज्युअल्टीच्या दारात घ्यायचं. नुसते कपडे काढल्यानेच अंगावरचं बरंचसं रसायन जातं. दारात पाण्याचा पाइप, बादल्या, आडोशाला चादरी आणि नंतर अंगावर घालायला काहीतरी, एवढी तयारी ग्रामीण रुग्णालयातही होते.

आधी टेबलावर

थेट मैदानात उतरू नका. पहिली फेरी वर्गात, टेबलावर पसरलेल्या तालुक्याच्या नकाशाभोवती घ्या. काडेपेट्या म्हणजे रुग्णवाहिका, रंगीत मणी म्हणजे जखमी. शिक्षक परिस्थिती सांगतो आणि दर पाच मिनिटांनी एक अडचण टाकतो. महाडच्या बाजूचा महामार्ग पाण्याखाली गेला. आंबेनळी घाट दरडीने बंद झाला. मोबाइलचा टॉवर गेला. १०८ ची एक गाडी दुसऱ्या कॉलवर आहे. आता काय करणार?

या खेळात बहुतेक विद्यार्थी पहिल्या पाच मिनिटांतच ‘पेशंट रेफर करू’ म्हणतात. कुठे? पोलादपूरहून माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे जायचं तर महाडातूनच जावं लागतं. अलिबाग शंभराहून जास्त किलोमीटरवर. रस्ता उघडा असताना ही उत्तरं बरोबर आहेत. २२ जुलै २०२१ ला ती चुकली असती. रेफर करता येत नाही म्हटल्यावर विद्यार्थी पहिल्यांदा खरा विचार करू लागतो. पुढचे सहा तास या माणसाला इथेच जिवंत ठेवायचं तर माझ्याकडे काय आहे? किती ऑक्सिजन सिलिंडर, किती सलाईन, टाके घालायला कोण, रक्त कुठून आणि किती वेळात? ही उत्तरं त्याने अंदाजाने द्यायची नाहीत. स्टोअरमध्ये जाऊन मोजायची, फोन करून विचारायची.

जखमी तयार करणं

मैदानी सरावासाठी वीस ‘जखमी’ पुरेत. महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांतले एनएसएसचे विद्यार्थी चालतील. गावातली वडीलधारी माणसं मिळाली तर जास्त बरं, कारण खऱ्या बसमध्ये सगळे विशीतले नसतात. दोन ‘मुलं’ आणि एक गरोदर बाई हवीच. खऱ्या लहान मुलांना मात्र यात घेऊ नका. मोठ्या बाहुल्या किंवा मॅनिकिन वापरा. रंगरंगोटीला नाटकमंडळींचा रंगभूषाकार बोलवा. खाण्याचा लाल रंग, ग्लिसरीन, कॉर्नफ्लोअर आणि व्हॅसलीन यांतून तो अशी जखम करतो की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

रंगापेक्षा महत्त्वाचं असतं प्रत्येकाच्या गळ्यातलं कार्ड. त्यावर वय, श्वासाचा वेग, मनगटाची नाडी लागते की नाही, सांगितलेलं कळतं की नाही, आणि ‘जखमी’ने काय अभिनय करायचा, एवढं लिहा. निदान लिहू नका. एक कार्ड उदाहरणादाखल देतो. ‘वय ४५, एसटीचा कंडक्टर. चालता येतं. छातीच्या डाव्या बाजूला दुखतंय. श्वास मिनिटाला २४. विचारलं तर मला काही नाही, आधी बाकीच्यांना बघा असं म्हणायचं.’ सोबत एक बंद पाकीट, त्यावर लिहिलेलं, ‘२० मिनिटांनी उघडा.’ आतल्या चिठ्ठीवर, ‘श्वास ३८. वाक्य पूर्ण बोलता येत नाही. खाली बसायचं.’ हा माणूस पहिल्या फेरीत हिरवा ठरतो आणि ते बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की वीस मिनिटांनी हिरव्यांच्या घोळक्याकडे कोणी पुन्हा पाहिलं का. बहुतेक सरावांत तिथे कोणीच नसतं. हिरव्यांवर एक विद्यार्थी कायम नेमायचा, हा धडा त्या एका पाकिटातून पक्का होतो.

दुसरं कार्ड आरडाओरड करणाऱ्या आईचं. हात मोडलाय, मूल सापडत नाही, ती येणाऱ्या प्रत्येकाचा ॲप्रन धरते. तिच्यापासून दहा पावलांवर, चाकाला टेकून एक म्हातारे बाबा गप्प बसलेत. नाडी मनगटाला लागत नाही. पहिला विद्यार्थी कोणाकडे जातो, ते निरीक्षकाने वेळेसह लिहून ठेवायचं.

वर्गवारी: एका माणसाला एक मिनिटसुद्धा नाही

जगभर सर्वाधिक शिकवली जाणारी ‘स्टार्ट’ ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे तिथल्या अग्निशमन दलाने आणि होग रुग्णालयाने मिळून बसवली. सोपी आहे, यंत्र लागत नाही, म्हणून आपल्या कामाची. आधी मोठ्याने ओरडायचं, ‘ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या आंब्याखाली या!’ जे गेले ते हिरवे. उरलेल्यांपैकी जो सगळ्यात जवळ, त्याच्यापासून सुरुवात. श्वास चालू आहे? नसेल तर मान-हनुवटी नीट करून श्वासमार्ग मोकळा करा. तरीही श्वास आला नाही तर काळी पट्टी, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, लाल. मनगटाला नाडी नाही, लाल. ‘माझा हात दाबा’ म्हटलं आणि दाबला नाही, लाल. यातलं काहीच नसेल तर पिवळी. आणि पुढच्या माणसाकडे. या फेरीत उपचार फक्त दोन करायचे, श्वासमार्ग मोकळा करणं आणि जोराचा रक्तस्राव थांबवणं. मुलांसाठी आकडे वेगळे आहेत. श्वास नाही पण नाडी लागते अशा लहान मुलाला पाच श्वास देऊन बघायचं आणि मगच निर्णय घ्यायचा.

सगळ्यात जड जाते ती काळी पट्टी. वर्षानुवर्षं आपण विद्यार्थ्याला ‘प्रत्येकासाठी शेवटपर्यंत झटा’ असं शिकवतो आणि इथे त्याला एका माणसाला सोडून पुढे जायला सांगतो. इथे त्याला घाई करू नका. पट्टी बांधून तो थबकला तर थबकू द्या, पण तिथेच बसून सीपीआर सुरू केला तर त्या वेळात मागे किती लाल पट्ट्यांची माणसं वाट पाहत होती, ते नंतर त्याला आकड्यात दाखवा. मदत भरपूर असेल तेव्हा नियम बदलतो, हेही सांगा. वर्गवारी ही टंचाईतली पद्धत आहे.

ढिगाऱ्याचा सराव करत असाल तर एक गोष्ट वेगळी शिकवावी लागते. मांडी किंवा पाय तासन् तास दाबला गेलेला माणूस बोलतो, हसतो, आणि वजन उचललं की काही मिनिटांत कोसळू शकतो, कारण चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं. शक्य असेल तर वजन उचलण्याआधी शिरेतून सलाईन सुरू करायचं असतं. वर्गातला बाक आणि वाळूची पोती घेऊन हे करता येतं. बाकाखाली पडलेल्याच्या हाताला सलाईन लावताना विद्यार्थ्याला कळतं, की जागा किती अरुंद असते आणि बचाव करणाऱ्या जवानाला ‘दोन मिनिटं थांबा’ म्हणायला किती धीर लागतो.

पहिला निरोप

घटनास्थळी पहिल्यांदा पोहोचलेल्या विद्यार्थ्याने कोणाला हात लावण्याआधी एक निरोप द्यायचा. काय झालं, नेमकं कुठे, कोणत्या बाजूने येता येईल आणि कोणती बाजू बंद, अजून कोणता धोका आहे, अंदाजे किती जखमी, कोण आधीच पोहोचलंय, काय पाठवा. सात गोष्टी, अर्ध्या मिनिटात. घाटात ‘आंबेनळी घाटात’ एवढं सांगून भागत नाही. वळण, दगड, देऊळ, किलोमीटरचा दगड सांगायला शिकवा. फोन लागत नसेल तर माणूस पाठवायचा आणि त्याच्या हातात निरोप लिहून द्यायचा. तोंडी निरोपात दोन माणसांनंतर आकडे बदलतात. सरावात हे मुद्दाम करून पाहा.

गावातली माणसं या सगळ्याच्या बाहेर ठेवण्याची चूक करू नका. दरडीच्या ठिकाणी पहिले काही तास तेच असतात. आशाताई, पोलीस पाटील, घाटातले टपरीवाले, जेसीबीचे चालक यांना सरावात बोलवा. बांबू आणि घोंगडी यांची डोली करून माणूस उतारावरून कसा आणायचा, हे ते विद्यार्थ्यांना शिकवतील. विद्यार्थ्यांनी त्यांना रक्तस्रावावर दाब कसा धरायचा आणि मानेला मार असलेल्याला कसं हलवायचं, ते दाखवावं.

दारात आणि दाराबाहेर

ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा. वीस जखमी एकदम आले तर काय होतं, हे पाहण्यासाठी सरावाचा अर्धा वेळ रुग्णालयासाठी राखून ठेवा. ११ जुलै २००६ ला मुंबईत लोकल गाड्यांत स्फोट झाले तेव्हा अनेक जखमींना लोकांनीच रिक्षा-टॅक्सीतून जवळच्या रुग्णालयात नेलं होतं. इथेही तसंच होतं. आधी जीप, टेम्पो, दुचाकीवरून कमी लागलेले येतात, खाटा भरतात, आणि गंभीर जखमी मागून येतो. म्हणून दारातच पुन्हा वर्गवारी, पुन्हा नंबर, आणि वहीत प्रत्येक माणसाची नोंद. अनोळखी असेल तर ‘अनोळखी पुरुष १, निळा शर्ट’. सरावाच्या शेवटी वहीतली संख्या आणि प्रत्यक्ष माणसं जुळली नाहीत, तर कोण हरवलं ते शोधूनच सराव संपवायचा.

नातेवाईकांच्या भूमिकेत चार-पाच जण ठेवाच. सावित्री आणि आंबेनळीनंतर सगळ्यात लांबलेलं काम हेच होतं. एका जागी माहितीची खिडकी, तिथे एकच माणूस, दर अर्ध्या तासाने तो नवीन माहिती सांगणार, माहिती नसली तरी येऊन तसं सांगणार. नावांची यादी व्हॉट्सॲपवर जाणार नाही. मृतदेहावर नंबर, अंगावरच्या वस्तू त्याच नंबरच्या पिशवीत, झाकलेलं शरीर, आणि ओळख पटवायला येणाऱ्यासोबत कोणीतरी एक माणूस. मृत्यूची बातमी सांगण्याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी करावा. ‘वाचवू शकलो नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, गोलगोल नाही, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून जायचं नाही.

सुरक्षितता आणि मन

तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि १०८ चं नियंत्रण केंद्र यांना आधी लेखी कळवा. प्रत्येक फोन ‘सराव, सराव, सराव’ म्हणून सुरू करा आणि तसाच संपवा, नाहीतर तासाभरात मुंबईला खोटी बातमी पोहोचते आणि चाकरमानी फोन करून घरच्यांना हैराण करतात. कोणाला खरंच लागलं तर ओरडायचा शब्द ठरवून ठेवा, ‘सराव नाही!’ हा चांगला. खरी ओपीडी आणि एक खरी रुग्णवाहिका सरावापासून वेगळी ठेवा. सरावाच्या सलाईनवर मोठ्या अक्षरांत तसं लिहा, म्हणजे ती चुकून खऱ्या वॉर्डात जाणार नाही.

इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. विद्यार्थ्यांत, गावकऱ्यांत, कर्मचाऱ्यांत कोणाचं ना कोणाचं माणूस त्या दरडीत किंवा पुलावर गेलेलं असू शकतं. सरावाआधी सगळ्यांना सांगा की कोणीही कारण न देता बाहेर बसू शकतं. खऱ्या घटनेची नावं ‘जखमीं’ना देऊ नका. आणि ज्या वाडीने माणसं गमावली, त्याच वाडीत तोच प्रसंग उभा करू नका.

नंतरचा तास

सराव ४० मिनिटांचा असेल तर चर्चा किमान तासभर. सुरुवातीला प्रत्येकाला एका वाक्यात कसं वाटलं ते बोलू द्या, ‘जखमीं’नाही, ‘मला कोणी नाव विचारलं नाही’ हे त्यांच्याकडूनच कळतं. मग निरीक्षकांच्या वेळेच्या नोंदी. पहिला निरोप कितव्या मिनिटाला गेला? किती लाल माणसांना पिवळी पट्टी लागली, किती पिवळ्यांना लाल? पहिली चूक जीव घेते, दुसरी रुग्णवाहिका अडवते. पहिल्या गाडीतून कोण गेलं? चर्चेत माणसाला नव्हे, निर्णयाला प्रश्न विचारायचा. सर्वांसमोर एखाद्या मुलीला ‘तुझ्यामुळे तो मेला’ म्हणणाऱ्या शिक्षकाने हा सराव घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी फक्त तीन गोष्टी फळ्यावर लिहा ज्या पुढच्या वेळी बदलायच्या, प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव, आणि महिनाभराने तेवढ्याच भागाचा छोटा सराव पुन्हा.

खर्च फार नाही. पट्ट्या, कार्डं, रंग, वीस माणसांचं जेवण आणि एक दिवस. मे महिन्याचा दुसरा आठवडा त्यासाठी योग्य, कारण पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला तैनात होते तोवर आपली माणसं तयार असायला हवीत. तुमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी महाड-पोलादपूरला पोस्टिंगवर येत असतील, तर या वर्षीच तारीख ठरवा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना आजच पत्र पाठवा.